कॅन्सर संशोधनासाठी सायकल: पॅन-मास चॅलेंजची जानेवारी ते ऑगस्ट तयारी

ऑगस्ट लागला की पहिल्या शनिवार-रविवारी मॅसॅच्युसेट्समध्ये सहा हजारांहून जास्त माणसं सायकलवर बसतात आणि राज्याच्या मध्यापासून केप कॉड या द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत जातात. पॅन-मास चॅलेंज हे या राइडचं पूर्ण नाव, बोलताना सगळे पीएमसीच म्हणतात. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ मध्ये मेलानोमानं, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरनं गेली. १९८० मध्ये त्यानं ३६ जणांना गोळा करून ही राइड काढली आणि १०,२०० डॉलर जमले. २०२४ मध्ये एकाच वर्षाची देणगी साडेसात कोटी डॉलर झाली आणि तोवरची एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. हे सगळे पैसे बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातात.

बॉस्टनच्या आसपास मराठी माणसं भरपूर आहेत. त्यातल्या अनेकांच्या गराजमध्ये चांगली सायकल आहे, आणि घरात किंवा नात्यात कॅन्सर पाहिलेला नाही असं कुटुंब मला तरी भेटलेलं नाही. पीएमसीचा विषय निघाला की मात्र हमखास एकच वाक्य ऐकू येतं: "सायकल जमेल हो, पण लोकांकडे पैसे कसे मागायचे?" माझ्या मते या राइडचं खरं काम तेच आहे. सायकल हे मागण्याचं निमित्त. म्हणून या लेखातही मागण्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे. पायांची तयारी पाच-सहा महिन्यांत होते. जिभेची तयारी नोंदणीच्या दिवसापासून सुरू करावी लागते.

आधी हे माहीत करून घ्या: पैसा कशासाठी

कोणी विचारलं, "हे पैसे नक्की कुठे जातात?" तर उत्तर तयार हवं. राइडरनं गोळा केलेला प्रत्येक डॉलर संस्थेला पोचतो. रस्ते, जेवण, तंबू, ट्रक यांचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजक यांच्यातून निघतो. पैसे डेना-फार्बरच्या जिमी फंडामार्फत, म्हणजे संस्थेसाठी देणग्या गोळा करणाऱ्या शाखेमार्फत जातात, आणि त्या फंडाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग एकट्या पीएमसीचा असतो.

जिमी फंडाची गोष्ट मागताना फार उपयोगी पडते. १९४७-४८ च्या सुमारास बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर रक्ताच्या कॅन्सरनं आजारी असलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध देऊन पाहत होते. तोपर्यंत या मुलांसाठी काहीच करता येत नव्हतं. या औषधानं काही मुलांचा आजार थोड्या काळासाठी का होईना, मागे हटला, आणि तिथून आधुनिक केमोथेरपीला सुरुवात झाली. ते औषध लेडर्ली कंपनीच्या ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. हे नाव आपल्याकडच्या लोकांना सांगितलं की त्यांचे कान टवकारतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

फार्बर यांना संशोधनासाठी पैसे हवे होते. मे १९४८ मध्ये त्यांच्या एका लहान रुग्णाच्या खोलीतून देशभर रेडिओवर कार्यक्रम झाला. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याला जिमी म्हटलं गेलं. बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती उभे होते आणि श्रोत्यांना आवाहन होतं की जिमीला मॅच बघायला टीव्ही घेऊन देऊ या. लोकांनी दोन लाख डॉलरहून जास्त पाठवले. जिमी, म्हणजे मेन राज्यातला आइनार गुस्ताफसन, बरा झाला आणि साठी ओलांडेपर्यंत जगला. म्हणजे ही संस्था उभीच राहिली ती अनोळखी माणसांकडे मोकळेपणानं मागण्यातून.

"सरकार पैसे देत नाही का?" हाही प्रश्न येतो. देतं. पण सरकारी अनुदान मिळवायला हातात काहीतरी प्राथमिक निष्कर्ष असावे लागतात, आणि ते निष्कर्ष मिळवण्याचा काळ देणग्यांवर निघतो. संशोधन किती लांबचा पल्ला असतो याचं डेना-फार्बरमधलंच उदाहरण आहे. विल्यम केलिन यांनी एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा पिच्छा पुरवला. त्यात मूत्रपिंडात आणि इतरत्र गाठी होतात. हा आजार ज्या जनुकातल्या बिघाडामुळे होतो, त्याच्या अभ्यासातून पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याचं कसं कळतं याचा उलगडा झाला. त्या कामासाठी त्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. त्याच ज्ञानावर आधारलेलं औषध त्या आजारासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. मधली वीस-पंचवीस वर्षं कोणीतरी प्रयोगशाळेचे दिवे चालू ठेवावे लागतात.

मार्ग निवडणं आणि नोंदणी

नोंदणी हिवाळ्यात, साधारण जानेवारीत उघडते. मार्ग अनेक आहेत. सर्वांत जुना आणि मानाचा म्हणजे स्टरब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन: पहिल्या दिवशी बोर्नपर्यंत सुमारे ११० मैल, दुसऱ्या दिवशी केप कॉडवरून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सुमारे ८० मैल, म्हणजे दोन दिवसांत साधारण ३०० किलोमीटर. बॉस्टनजवळच्या वेलस्लीहून निघणारे मार्ग त्यामानानं सोपे आहेत, आणि एका दिवसाचे छोटे मार्गही आहेत. पहिल्यांदाच करत असाल तर वेलस्लीहून सुरुवात करा. स्टरब्रिजच्या बाजूच्या चढांची खुमखुमी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायला हरकत नाही.

प्रत्येक मार्गाला किमान देणगीची अट असते. दोन दिवसांच्या लांब मार्गासाठी ती पाच हजार डॉलरच्या पुढे असते, छोट्या मार्गांना कमी. आकडे वर्षागणिक बदलतात, म्हणून नोंदणी करताना त्या वर्षाचा आकडा वाचा. एक गोष्ट नीट समजून घ्या: नोंदणीच्या वेळी तुम्ही क्रेडिट कार्ड देता, आणि मुदतीपर्यंत किमान रक्कम जमली नाही तर उरलेली रक्कम त्या कार्डातून घेतली जाते. नोंदणी शुल्क वेगळं, ते परत मिळत नाही आणि देणगीतही धरलं जात नाही. नवरा-बायकोनं यावर आधीच बोलून घ्यावं. ही अट कडक वाटते खरी, पण इतका मोठा आकडा दरवर्षी उभा राहतो त्यामागे या अटीचा मोठा हात आहे. नाव घातलं की माणूस कामाला लागतोच.

एकट्यानं नोंदणी करण्यापेक्षा टीममध्ये जा. ऑफिसची टीम असेल तर उत्तमच. नाहीतर मंडळातल्या चार-पाच जणांनी मिळून टीम काढावी. सराव एकत्र होतो आणि देणगीदारांची वर्तुळं वेगवेगळी असल्यामुळे एकाच माणसाला चौघांचे मेसेज जात नाहीत. काही टीमना डेना-फार्बरमध्ये उपचार घेणारी मुलं जोडलेली असतात, त्यांना पेडल पार्टनर म्हणतात. अशी टीम मिळाली तर सोडू नका. ज्या मुलासाठी आपण निघालो आहोत त्याचं नाव माहीत असलं की जुलैच्या उन्हातली पहाट सोपी जाते.

मागणं

मागणं म्हणजे हात पसरणं, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं. पण लहानपणी पावतीपुस्तक घेऊन गणपतीची वर्गणी मागायला दारोदार गेलेली माणसं आपणच. तेव्हा संकोच वाटला नाही, कारण मागणं स्वतःसाठी नव्हतं. हेही तसंच आहे. फक्त इथे पावती पीएमसी देते आणि दार फोनवर वाजवायचं असतं.

आधी आकड्याला हातात येईल असं करा. समजा पाच हजार हवेत. दहा जवळची माणसं प्रत्येकी शंभर देतील, चाळीस जण पन्नास, आणखी चाळीस जण पंचवीस. झाले चार हजार. उरलेले एक हजार ऑफिसच्या मॅचिंगमधून (म्हणजे कंपनी देणगीइतकीच भर घालते, ते पुढे आहे) आणि एखाद्या कार्यक्रमातून. नव्वद माणसांची यादी कागदावर लिहायला बसलात की लक्षात येतं, आपल्या ओळखी त्याहून जास्त आहेत: शेजारी, मुलांच्या शाळेतले पालक, जुन्या नोकरीतले सहकारी, दंतवैद्य, मंडळ, कॉलेजचा ग्रुप, रोज बसमध्ये भेटणारा माणूस. यादीतून स्वतःहून नावं गाळू नका. "ते काय देणार" असं ज्यांच्याबद्दल वाटतं, त्यांच्याच घरात कोणीतरी आजारी असतं आणि ते सर्वांत आधी देतात.

पहिली देणगी स्वतःची टाका. ऑनलाइन देणगीचं पान शून्यावर असेल तर त्यावर पैसे द्यायला लोक बिचकतात. मग तुमच्या देणगीच्या पानावर गोष्ट लिहा. सात-आठ वाक्यं पुरेत: तुम्ही कोण, कोणासाठी चालवता, किती मैल, किती रक्कम, ती कुठे जाते. आजारी माणसाचं नाव किंवा फोटो टाकायचा असेल तर त्याची परवानगी घ्या, आणि ते माणूस गेलं असेल तर घरच्यांची. आपल्याकडे या आजाराचं नावही दबक्या आवाजात घेतात. कोणी आपल्या आजाराविषयी गप्प राहायचं ठरवलं असेल तर तो त्यांचा हक्क आहे. अशा वेळी "माझ्या जवळच्या व्यक्तीसाठी" एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याला पोचतं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाकून वाट बघत बसणं, हा सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग. दोनशे जणांच्या ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं की बाकीचे देतील. माणसामाणसाला वेगळा मेसेज करा, नावानं करा, आणि रक्कम सांगा. रक्कम सांगणं आगाऊपणाचं वाटतं, पण त्यामुळे समोरच्याचं काम सोपं होतं. किती द्यावेत या विचारातच बरेच जण राहून जातात. मेसेज साधारण असा:

"ताई, नमस्कार. ऑगस्टमध्ये मी वेलस्लीहून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत दोन दिवस सायकल चालवणार आहे. माझ्या काकांच्या आजारपणात मी डेना-फार्बर जवळून पाहिलं, म्हणून ही राइड निवडली. मला पाच हजार डॉलर उभे करायचे आहेत. तुम्ही पन्नास डॉलर द्याल का? कमी-जास्त कितीही चालेल, आणि या वर्षी जमणार नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा. सगळी रक्कम थेट डेना-फार्बरला जाते. लिंक खाली देते आहे."

वयानं मोठ्या माणसांना फोनच करा. काका-मामांच्या पिढीला लिंकवर विश्वास नसतो, आवाजावर असतो. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. उत्तर न देणं म्हणजे नकार असं धरू नका. बहुतेक वेळा मेसेज वाचताना माणूस रांगेत उभा असतो आणि नंतर विसरतो. दोन आठवणींनंतर मात्र थांबा, आणि तो विषय मनातही ठेवू नका.

पैसे तुमच्या खात्यात घेऊ नका. व्हेन्मो किंवा झेल या पैसे पाठवायच्या अॅपवर तुम्हाला पाठवलेल्या पैशाची पावती देणगीदाराच्या नावे निघत नाही, आणि त्यांना करात वजावट घ्यायची असेल तर तीच पावती लागते. लिंकवरून ऑनलाइन द्या किंवा पीएमसीच्या नावे चेक द्या, असं पहिल्यापासून सांगा.

मॅचिंग गिफ्टविषयी प्रत्येकाला विचारा. बॉस्टन भागातल्या बऱ्याच औषध, सॉफ्टवेअर आणि वित्त कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम आपल्या खिशातून घालतात. अर्ज देणगीदारानं स्वतःच्या ऑफिसच्या पोर्टलवर भरायचा असतो आणि त्याला मुदत असते. म्हणून आभाराच्या मेसेजमध्येच एक ओळ घाला: "तुमची कंपनी मॅच करते का, एकदा बघाल?" या एका ओळीवर पन्नासचे शंभर होतात. मागण्याच्या सगळ्या युक्त्यांमध्ये मला हिचीच किंमत सर्वांत जास्त वाटते, आणि लोक हिलाच सर्वांत जास्त विसरतात.

कार्यक्रम करायचा तर घरगुती ठेवा. रविवारी सकाळी मिसळीला वीस-पंचवीस जणांना बोलवा, पदार्थांना किंमत लावू नका, टेबलावर लिंकचा क्यूआर कोड ठेवा. बाहेर विक्री करायला गेलात की गावाच्या आरोग्य खात्याची परवानगी लागते आणि सगळी शक्ती तिथेच जाते. मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात समितीकडे दोन मिनिटं मागून घ्या, पण आधी विचारून आणि दोनच मिनिटं. प्रेक्षागृहात कोण केमो घेऊन आलेलं आहे हे तुम्हाला माहीत नसतं. तेव्हा बोलताना आकडे आणि आशा सांगा, भीती घालू नका.

भारतातल्या नातेवाइकांकडून इथे पैसे मागवण्याच्या खटपटीत पडू नये असं मला वाटतं. त्यांना द्यायची इच्छा झाली तर त्यांनी तिथल्याच कामाला द्यावेत. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून हे काम करतं आहे आणि गावोगावचे रुग्ण तिथेच येतात. तुमच्या पानावर त्यांनी शुभेच्छांची दोन वाक्यं पाठवली तरी पुरे.

शरीर आणि सायकल

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर सरावाआधी डॉक्टरांना भेटा. दक्षिण आशियाई लोकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आहे आणि तो लवकर होतो, हे त्यांना आठवण करून द्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लांब राइडच्या दिवशी काय करायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

सायकल रोड बाइक किंवा हलकी हायब्रिड चालते. वापरलेली चालते. नव्या सायकलीवर हजारो डॉलर घालण्याआधी आहे ती सायकल दुकानात नेऊन बाइक फिट करून घ्या: सीटची उंची, हँडलचं अंतर, बुटाखालच्या क्लीटची, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याची जागा. गुडघे आणि मान दुखण्यातलं बरंचसं दुखणं तिथेच सुटतं. टायर २८ मिलिमीटरचे बसत असतील तर तेच लावा, खराब रस्त्यावर हाताला बसणारे हादरे कमी होतात. पॅड असलेली चांगली शॉर्ट ही एकच गोष्ट महागातली घ्या. तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, आणि त्वचेला क्रीम लावायचं. नवख्यांना हे कोणी सांगत नाही आणि मग ते चाळीस मैलांनंतर रडकुंडीला येतात. हेल्मेट सक्तीचं आहे. सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप ठेवा, आणि पंक्चर काढायचा सराव घरच्या अंगणात करा. सर्व्हिसिंग जूनमध्ये उरका. जुलै अखेरीस बॉस्टन भागातल्या प्रत्येक सायकलच्या दुकानात पीएमसीवाल्यांचीच रांग असते.

सराव

जानेवारी ते मार्च इथे बाहेर बर्फ असतो, तेव्हा ट्रेनरवर, म्हणजे आपली सायकल जागच्या जागी चालवता येते अशा स्टँडवर, किंवा जिममधल्या सायकलवर आठवड्यातून तीनदा पाऊण तास बसा. एप्रिलमध्ये बाहेर पडा. सुरुवातीला बेडफर्ड ते केंब्रिज मिनिटमन बाइकवे बरा, पण शनिवारी सकाळी दहानंतर तिथे मुलं, कुत्री आणि बाबागाड्या असतात. पहाटे जा, आणि महिनाभरात रस्त्यावर या. कॉनकॉर्ड, कार्लाइल भागातले रस्ते सायकलस्वारांच्या पायाखालचे आहेत. चढ हवे असतील तर हार्वर्ड आणि बोल्टन या गावांकडे वळा. हे हार्वर्ड गाव वूस्टर काउंटीतलं, विद्यापीठाचं नव्हे.

आठवड्यातून दोन छोट्या राइड, एक-सव्वा तासाच्या, आणि शनिवारी किंवा रविवारी एक लांब. लांब राइड एप्रिलच्या शेवटी २५ मैल, मेच्या शेवटी ४०, जूनच्या शेवटी ६०, जुलैच्या मध्याला ७५ ते ८०. आठवड्याचं एकूण अंतर दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा. सरावात शंभर मैल करायलाच हवेत असं नाही. ८० झाले की त्या दिवशीची गर्दी आणि थांबे पुढचं अंतर पार करून देतात. त्यापेक्षा महत्त्वाचं आहे सलग दोन दिवस चालवणं. जुलैमध्ये एकदा तरी शनिवारी ७० आणि रविवारी ४५ करा. रविवारी सकाळी सीटवर परत बसताना जे वाटतं त्याची ओळख आधी झालेली असावी. शेवटचे दहा-बारा दिवस अंतर निम्म्यावर आणा. तेव्हा केलेल्या जादा कष्टानं पाय थकण्यापलीकडे काही मिळत नाही.

भारतात सायकल शिकलेल्यांनी एक गोष्ट हाडात भिनवावी लागते: इथे उजव्या बाजूनं चालवायचं आणि ओव्हरटेक डावीकडून. गाडीत ते सवयीचं होतं, पण सायकलवर दचकलं की शरीर जुन्या बाजूला जातं. सरावात कमीत कमी दोन-तीन राइड घोळक्यातून करा. पुढे जाताना "ऑन युवर लेफ्ट" म्हणून ओरडायचं, थांबताना "स्लोइंग", मागून गाडी आली तर "कार बॅक", खड्डा दिसला तर हातानं दाखवून "होल". आपल्याला अनोळखी लोकांवर ओरडायला संकोच वाटतो. इथे न ओरडणंच धोक्याचं. अचानक ब्रेक लावू नका, थांबायचं तर आधी रस्त्याच्या कडेला या. पुढच्याच्या चाकाला चाक खेटवून चालवणं सवय नसलेल्यांनी टाळावं, एका सायकलीचं अंतर ठेवावं. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा. पाऊस पडला असेल तर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात.

खाणं-पिणं

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि पहिल्या तासापासून. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात, दोन मोठ्या मेजूल खजुरांत ३५ च्या आसपास. थांब्यांवर पीनट बटर-जॅम सँडविच, फळं, खारे प्रेट्झेल, सगळं असतं, आणि शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. तरी आपल्या सवयीचं थोडं खिशात हवंच. खजूर सर्वांत सोयीचा. शेंगदाण्याची चिक्की चविष्ट, पण चालवता चालवता चावताना धाप लागते, ती थांब्यावर खा. राजगिऱ्याचा लाडू खिशात चुरतो. गूळपोळी तुकडे करून फॉइलमध्ये गुंडाळली तर छान टिकते आणि तूप लावलेलं नसेल तर जडही होत नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाप्रमाणे. ऑगस्टमध्ये इथे दमटपणाही चांगलाच असतो. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ गेलं नाही तर रक्तातलं सोडियम खाली येऊन चक्कर, उलट्या होऊ शकतात. दोन बाटल्यांपैकी एकीत इलेक्ट्रोलाइट घाला, किंवा लिंबू, साखर, मीठ घातलेलं आपलं सरबत. ज्या पदार्थाचा सरावात प्रयोग केलेला नाही, तो राइडच्या दिवशी तोंडात घालू नका. आदल्या रात्री दहीभात किंवा वरणभात, लवकर आणि माफक.

ते दोन दिवस

स्टरब्रिजहून निघणार असाल तर हॉटेल नोंदणीबरोबरच घ्या. शुक्रवारी संध्याकाळी चेक-इन आणि उद्घाटनाचा कार्यक्रम असतो. तिथे रुग्ण आणि संशोधक बोलतात, तो चुकवू नका. तुमची बॅग ट्रक पुढे घेऊन जातो, म्हणून तीत सुके कपडे, औषधं, चार्जर आणि कानात घालायचे बोळे ठेवा. शनिवारी पहाटे उजाडताना राइड सुटते.

पहिल्या तासात सगळेच उत्साहानं वेगात निघतात. तुम्ही हळू जा. स्टरब्रिजनंतरचे पहिले तीस-चाळीस मैल चढउतारांचे आहेत आणि तिथे उधळलेली ताकद दुपारी परत मिळत नाही. साधारण वीस-वीस मैलांवर थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर बाटल्या भरा, काहीतरी खा, आणि दहा-पंधरा मिनिटांत निघा, नाहीतर पाय आखडतात. जेवणाच्या थांब्यावरही पोटभर जेवू नका. वाटेत गावोगावची माणसं अंगणात खुर्च्या टाकून घंटा वाजवत असतात, मुलं पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन उभी असतात, हातात पाट्या असतात. एखाद्या पाटीवर "तुमच्यामुळे मी आज इथे आहे" असं लिहिलेलं दिसतं. तिथे डोळे भरून येतात, तेव्हा घोळक्यात असाल तर रस्त्यावरचं लक्ष सोडू नका. वाटेत पेडल पार्टनर मुलंही भेटतात. त्यांच्यासाठी वेळ काढा. त्या दिवशी घड्याळाला काही अर्थ नाही, कारण ही शर्यत नव्हे.

सायकल बिघडली किंवा अंगातलं त्राण गेलं तर राइडर उचलून नेणाऱ्या गाड्या फिरत असतात. चक्कर, छातीत दुखणं, घाम थांबणं यापैकी काहीही झालं तर ताबडतोब थांबून मदत मागा. गाडीत बसून पुढच्या थांब्यावर गेलात म्हणून तुमच्या देणगीदारांचा एकही डॉलर कमी होत नाही.

मुक्काम बोर्नच्या मॅसॅच्युसेट्स मेरिटाइम अकॅडमीत, केप कॉड कालव्याच्या काठी. अंघोळ, जेवण, मालिश, वसतिगृहातली खाट किंवा तंबू. तिथे शनिवारी लिव्हिंग प्रूफ मंडळींचा, म्हणजे स्वतः कॅन्सरमधून गेलेल्या किंवा अजून उपचार घेत असलेल्या राइडरांचा, एकत्र जमण्याचा कार्यक्रम होतो. तुम्ही स्वतः त्यातले असाल तर संकोच न करता जा. आपल्या लोकांमध्ये हे उघड सांगणारे अजून फार थोडे आहेत, आणि एकानं सांगितलं की दुसऱ्याला तपासणीला जायचं बळ येतं.

रविवारी अंधारातच उठावं लागतं. बोर्नचा पूल ओलांडून केपवर जाताना पुलावर वारा असतो, हँडल दोन्ही हातांनी धरा. पुढे कालव्याकाठची वाट, झाडीतले रस्ते, ट्रूरोजवळचे उघडे चढउतार. ते लहान दिसतात, पण काल ११० मैल झालेल्या पायांना लहान वाटत नाहीत. शेवटी प्रॉव्हिन्सटाउनच्या वाळूच्या टेकड्या. परतीसाठी बॉस्टनची बोट असते, ती आधीच आरक्षित करा. घरचे न्यायला येणार असतील तर रविवारी दुपारी केपच्या एकुलत्या मोठ्या रस्त्यावर किती वाहनं असतात हे त्यांना सांगून ठेवा.

सायकल चालवायची नसेल तर, आणि बॉस्टनमध्ये नसाल तर

पीएमसीला हजारो स्वयंसेवक लागतात: सँडविच करायला, पाणी भरायला, बॅगा उचलायला, बर्फ वाटायला. भारतातून उन्हाळ्यात आलेले आई-बाबा या कामात फार रमतात. लहान मुलांसाठी गावोगावी वेगळ्या छोट्या राइड असतात.

दुसऱ्या शहरांतही अशीच कामं चालतात. कोलंबस, ओहायोमध्ये २००९ पासून पेलोटोनिया आहे, तिचे पैसे ओहायो स्टेटच्या कॅन्सर केंद्राला जातात. सिएटलला फ्रेड हच संस्थेसाठी ऑब्लिटराइड होते. रस्त्याची भीती वाटत असेल तर सायकल फॉर सर्व्हायव्हल ही बंद हॉलमधल्या जागच्या जागी चालवायच्या सायकलींवर होते, आणि तिचे पैसे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये दुर्मीळ कॅन्सरच्या संशोधनाला जातात. नियम आणि रकमा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या, मागण्याची रीत मात्र वर सांगितली तीच.

राइडनंतर

देणगी गोळा करण्याची मुदत राइडनंतरही काही आठवडे असते, आणि तो काळ सोन्याचा. सोमवारी सकाळी, पाय दुखत असतानाच, ज्यांनी दिलं त्या प्रत्येकाला नावानं आभाराचा मेसेज आणि शेवटच्या टप्प्यावरचा एक फोटो पाठवा. ज्यांनी अजून दिलेलं नाही त्यांनाही तोच फोटो जाऊ दे, लिंकसह. "जाऊन आलात का? मला वाटलं, राहूनच गेलं द्यायचं," म्हणत त्या आठवड्यात बरेच जण देतात. मग यादी घेऊन बसा आणि कोणाच्या मॅचिंगचा अर्ज भरायचा राहिला आहे ते एकेकाला फोन करून विचारा. मुदतीच्या दोन आठवडे आधी आपल्या पानावरचा आकडा आणि किमान रक्कम ताडून बघा. आणि यादीची वही फेकू नका. कोणी किती दिलं, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणी "पुढच्या वर्षी मलाही घेऊन चला" म्हणालं, ते लिहून ठेवा, कारण जानेवारीत नोंदणी उघडली की पहिला फोन त्यांनाच करायचा आहे.